पाळकपणाचं पहिलं वर्ष: धावपळ आवरायची कशी

दीक्षाविधी होतो, बिशप डोक्यावर हात ठेवतात, नेमणुकीचं पत्र हातात पडतं आणि दोन-तीन महिन्यांत नवा पाळक एकच वाक्य बोलू लागतो: "वेळच मिळत नाही हो." मंडळीलाही ते ऐकायला बरं वाटतं. पाळकसाहेब सदा घाईत दिसले की ते कामसू, घरी सापडले की आळशी, असा हिशेब आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आला आहे. हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याने चांगल्या माणसांचं नुकसान होतं.

हा लेख नुकतीच सेवा सुरू केलेल्यांसाठी आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे मुख्यतः मराठी प्रोटेस्टंट मंडळ्या आहेत. नगर भागात अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, व्यवस्था बदलली, पण एका पाळकाकडे मुख्य चर्च आणि भोवतालच्या गावांतल्या लहान मंडळ्या हे चित्र पुष्कळ ठिकाणी आजही तसंच आहे. स्वतंत्र मंडळी चालवणाऱ्यांना आणि वसईकडच्या फादरांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो. धावपळ कमी करण्याचा निश्चय पाळकाने एकट्याने मनात करून काही होत नाही. ते मंडळीच्या कमिटीबरोबर बसून ठरवावं लागतं, कॅलेंडरवर लिहावं लागतं आणि चर्चमध्ये जाहीर करावं लागतं. हे पहिल्याच वर्षी करा. तिसऱ्या वर्षी सुट्टी मागितलीत तर लोक विचारतील, आत्ताच काय झालं?

पहिली पायरी: दोन आठवडे फक्त लिहून ठेवा

काहीही बदलण्याआधी एक साधी वही घ्या. रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवस कसा गेला ते लिहा. प्रार्थनेची डायरी वेगळी, ही वेगळी. नव्या पाळकाचा आठवडा साधारण असा निघतो: रविवारी सकाळी आठची उपासना, लगेच संडे स्कूलच्या शिक्षकांची बैठक, दुपारी एका घरी वाढदिवसाची प्रार्थना आणि जेवण, चार वाजता शेजारच्या गावात उपासना, परत येताना सिव्हिल हॉस्पिटलमध्ये पेशंट. सोमवारी कुणाच्या तरी मुलासाठी बाप्तिस्म्याची नोंद जुन्या रजिस्टरात शोधून देणं, मग कंपाउंडच्या पाण्याच्या मोटरचा मेकॅनिक. मंगळवारी कबरस्थानाच्या भिंतीसाठी नगरपालिकेत. बुधवारी कॉटेज प्रेयर (कुणाच्या तरी घरी होणारी प्रार्थनासभा), गुरुवारी महिला मंडळ, शुक्रवारी उपवास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ. आणि रविवारचा उपदेश? शनिवारी रात्री अकरानंतर.

वहीत फोनही लिहा. किती आले, कशासाठी आले, किती वाजता आले. धावपळीचा निम्मा भाग त्यांतच दडलेला असतो, आणि तो कुणी मोजत नाही.

दोन आठवड्यांनी लाल पेन घेऊन बसा. ज्या कामाला पाळकच लागतो त्याच्यापुढे बरोबरची खूण करा: प्रभुभोजन, अंत्यविधी, मरणाच्या दारात असलेल्या माणसाजवळ बसणं, उपदेश, एखाद्याने विश्वासाने सांगितलेली मनातली गोष्ट. जे दुसऱ्याला शिकवता येईल त्यापुढे गोल करा. जे या मंडळीत मुळी व्हायलाच नको त्यापुढे फुली मारा. बहुतेकांच्या पानावर गोल सर्वांत जास्त असतात. पुढच्या कामाची यादी तीच.

दुसरी पायरी: आठवड्याचा एक दिवस, जाहीर करून

पाळकासाठी रविवार हा सर्वांत जास्त कामाचा दिवस असतो. त्यामुळे "रविवारी शब्बाथ पाळा" असा उपदेश करणारा माणूस स्वतः सातही दिवस कामावर असतो. शब्बाथ म्हणजे विसाव्याचा दिवस पाळण्याची ही चौथी आज्ञा शास्त्रात दोनदा येते. निर्गम या पुस्तकात तिचं कारण उत्पत्तीचं दिलं आहे: देवाने सहा दिवसांत सर्व घडवलं आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. अनुवाद या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात कारण वेगळं आहे: तू मिसर देशात दास होतास याची आठवण ठेव. तुझा दास, दासी, बैल, गाढव, सगळ्यांना विसावा मिळू दे. ज्याला थांबायची परवानगी नाही तो दास, असा त्याचा सरळ अर्थ आहे. देवाने सोडवलेल्या लोकांच्या सेवकाने पुन्हा त्याच अवस्थेत राहू नये.

वार कोणता घ्यायचा ते घर पाहून ठरवा. बहुतेक जण सोमवार घेतात. पण पत्नी किंवा पती नोकरीला असेल आणि मुलं शाळेत जात असतील, तर सोमवारी घर रिकामं असतं आणि पाळक एकटाच रिकाम्या घरात बसतो. अशा वेळी सोमवारबरोबर आठवड्यातली एक संध्याकाळही राखून ठेवा, जेव्हा सगळे घरी असतात. मंडळीचा पाळक स्त्री असेल तर सुट्टीचा दिवस धुणंभांडी आणि पाहुण्यांतच जाण्याचा धोका मोठा आहे. ते घरच्यांशी आधीच बोलून घ्या. आणि पाळकीणबाईंना, म्हणजे पाळकाच्या पत्नीला, मंडळीने बिनपगारी दुसरा पाळक धरू नये, हेही कमिटीत याच बैठकीत बोलून टाका.

आता महत्त्वाचं. सुट्टीची सूचना तुम्ही वाचू नका, सेक्रेटरींना वाचू द्या. पाळकाने स्वतः सांगितली तर ती मागणी वाटते, कमिटीने सांगितली तर ती मंडळीची व्यवस्था ठरते. मजकूर असा ठेवता येईल (यातले 'वडील' म्हणजे मंडळीतले जबाबदार ज्येष्ठ):

"पाळकसाहेबांची साप्ताहिक सुट्टी सोमवारी राहील. मयत किंवा गंभीर आजारपण असल्यास त्या दिवसाच्या जबाबदार वडिलांना फोन करावा, ते पाळकांना कळवतील. दाखले, नोंदी व इतर कामांसाठी मंगळवार ते शुक्रवार सकाळी १० ते १ या वेळेत ऑफिसमध्ये भेटावे."

पहिले काही सोमवार कुणी ना कुणी दार वाजवेलच. त्यांना रागाने परत पाठवू नका. पाणी द्या, चहा द्या आणि "उद्या दहाला या, मी तुमच्यासाठी बसतो" एवढं म्हणा. मंगळवारी दहाला खरोखर बसा. लोकांचा विश्वास मंगळवारवर बसला की सोमवार आपोआप मोकळा होतो. सोमवारी मयत झाली तर अर्थातच जा. दुःखात असलेल्या घराला सुट्टी सांगायची नसते. त्या आठवड्यात सुट्टी बुधवारी घ्या आणि तसं सेक्रेटरींना कळवा. मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र त्या दिवशी बंद. नवीन पाळक सुट्टी घेतात आणि मग दिवसभर ग्रुपवर वचनांना "आमेन" टाकत बसतात.

तिसरी पायरी: कामं वाटा, आणि परत घेऊ नका

निर्गमाचा अठरावा अध्याय प्रत्येक पाळकाने सेमिनरीत वाचलेला असतो. तो पुन्हा, सावकाश वाचा. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत न्याय करायला बसला आहे, लोक रांगेत उभे आहेत. हे पाहणारा माणूस कोण? त्याचा सासरा इथ्रो. आणि तो आला आहे कशासाठी? सिप्पोरेला आणि गेर्षोम व अलियेजर या दोन मुलांना मोशेकडे पोचवायला. बायको-मुलं लांब राहिलेल्या, दिवसभर लोकांत बुडालेल्या माणसाला, त्याची बायको-मुलं घेऊन आलेला माणूस विचारतो: हे तू काय चालवलं आहेस? मोशेचं उत्तर आजच्या कुठल्याही पाळकाचं असू शकतं: लोक देवाला विचारण्यासाठी माझ्याकडे येतात. इथ्रो म्हणतो, तू करतोस ते ठीक नाही. तू थकून जाशील आणि हे लोकही थकतील.

लोकही. या शब्दावर मी नेहमी थांबतो. सगळं एकाच माणसाकडे ठेवलं की रांगेतला माणूस दिवसभर उन्हात उभा राहतो. तुमच्या मंडळीत आजारी म्हातारीकडे तीन महिने कुणी गेलेलं नसतं, कारण "पाळकसाहेब येतील" म्हणून सगळे थांबलेले असतात.

इथ्रोने हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर नायक नेमायला सांगितलं. यातला दहाचा आकडा आपल्या कामाचा. मंडळीतली घरं मोजा आणि वस्तीनुसार दहा-दहा, बारा-बारा घरं एकेका वडिलांकडे किंवा वडीलमंडळीतल्या बहिणींकडे द्या. वहीतल्या गोलांपैकी पहिल्या वर्षी तीन-चारच कामं निवडा. वाढदिवसाची प्रार्थना, घरभरणीची प्रार्थना, आजाऱ्याची पहिली भेट, बाप्तिस्म्याच्या नोंदी काढून देणं. सुरुवातीला या चार पुरेत.

काम देण्याची पद्धतही लिहून ठेवण्यासारखी आहे. पहिल्यांदा त्यांना बरोबर न्या, तुम्ही प्रार्थना करा, ते पाहतील. दुसऱ्यांदा ते करतील, तुम्ही शेजारी बसा. तिसऱ्यांदा ते एकटे जातील आणि येऊन तुम्हाला सांगतील. चौथ्यांदा सांगायचीही गरज नाही. मधेच कुणीतरी येऊन म्हणेल, "साहेब, त्यांची प्रार्थना फार लांबली, तुम्हीच या." तिथे डगमगलात की सगळं परत तुमच्या गळ्यात. "ते आता त्याच कामासाठी नेमलेले आहेत," असं म्हणा आणि त्या वडिलांना एकांतात प्रेमाने सांगा की प्रार्थना थोडी आटोपशीर करा.

प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात हेच आहे. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं, तक्रार उठली. प्रेषितांनी स्वतः पंगतीत वाढायला सुरुवात केली नाही. मंडळीनेच सात जण निवडले आणि त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती काम गेलं. तुमच्याकडे सर्वांत जास्त कुरकुर करणारी मंडळी कोण आहेत ते पाहा. एखादं काम त्यांना देऊन पाहायला हरकत नाही.

चौथी पायरी: घरभेटी कमी, पण निवांत

या पायरीवर मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, कारण वाचवलेला वेळ इथे खर्च करायचा आहे. नाहीतर सुट्टी आणि वाटणी करून उरलेल्या तासांत पाळक नवीन कार्यक्रम घुसवतो.

संध्याकाळी आठ घरं करणारा पाळक मी पाहिला आहे. मोटरसायकल दारात बंदसुद्धा करत नव्हता. दारातूनच "सलाम, कसं काय, सगळे बरे ना," मग एक छोटं वचन, छोटी प्रार्थना, चहा नको-नको म्हणत निघणं. लोक खूश होते, रजिस्टरात भेटींची संख्या भरत होती. पण खरी गोष्ट अशा भेटीत कधी निघत नाही. ती निघते तेव्हा पाळक उठलेला असतो, चपलेत पाय घालत असतो. आजी पदराला हात पुसत दारापर्यंत येतात आणि हळूच म्हणतात, "साहेब, पोराचं काही खरं नाही बघा." मुलगा पितो आहे, किंवा सून माहेरी गेली आहे, किंवा सावकाराचा तगादा चालू आहे. पुढच्या घराची वेळ झालेली असेल तर पाळक म्हणतो, "प्रार्थनेत ठेवतो." आणि आजी परत आत जातात.

म्हणून संध्याकाळी तीन घरं ठेवा. दोन घरांच्या मधे अर्धा तास मोकळा सोडा. तो चपलेत पाय घालण्याच्या वेळेसाठी. गाडी बंद करा, मोबाइल डिक्कीत ठेवा. खुर्ची पुढे केली तर बसा, नसेल तर खाटेवर बसा. चहा घ्या. वचन लगेच उघडू नका, आधी ऐका. घरातल्या लहान मुलाचं आणि म्हाताऱ्याचं नाव लक्षात ठेवा. प्रार्थनेत त्यांनी सांगितलेलीच गोष्ट देवापुढे ठेवा, पाठ केलेली वाक्यं नकोत. घरी गेल्यावर वहीत दोन ओळी लिहा, म्हणजे पुढच्या भेटीत "मागच्या वेळी आईंच्या गुडघ्याचं म्हणत होता, काय झालं?" असं विचारता येईल.

मार्काच्या पाचव्या अध्यायात याईर सभास्थानाचा अधिकारी आहे, त्याची बारा वर्षांची मुलगी मरणाला टेकली आहे, आणि प्रभू येशू त्याच्याबरोबर निघाला आहे. याहून घाईचं काम कुठलं? वाटेत गर्दीत एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते. बारा वर्षं रक्तस्राव, वैद्यांवर सगळं खर्चून बसलेली. ती बरी झाली होती, पुढे जाता आलं असतं. तो थांबतो, विचारतो, तिला पुढे येऊ देतो, आणि ती त्याला सगळं खरं खरं सांगते. बारा वर्षांची गोष्ट सांगायला किती वेळ लागला असेल? तो वेळ याईरासाठी किती कठीण गेला असेल, हेही मी विसरू इच्छित नाही. येशू तिच्याशी बोलत असतानाच मुलगी गेल्याचा निरोप आला. तरी प्रभू घाबरून धावत सुटला नाही. दोघींना त्याने पूर्ण वेळ दिला.

घरभेटींची संख्या कमी झाल्याचं कमिटीत कुणी बोललं तर हाच अध्याय त्यांच्याबरोबर वाचा. उरलेल्या घरांकडे नेमलेले वडील जात आहेत हेही सांगा. तिसऱ्या पायरीशिवाय चौथी उभी राहत नाही.

पाचवी पायरी: उपदेश सोमवारच्या आधी उघडा

रविवारचा पाठ आदल्या रविवारी संध्याकाळी एकदा मोठ्याने वाचून झोपा. टिपण नाही, टीकाग्रंथ नाही. मंगळवारी सकाळी ऑफिसमध्ये लोक यायच्या आधी तासभर त्याच्याबरोबर बसा. बाराव्या शतकातल्या गिगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने शास्त्र वाचण्याच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि देवापुढे शांत बसणं. आठवड्याचे चार दिवस एकेक पायरी घेतली तरी शनिवारी रात्री फक्त लिहिणं उरतं. घरभेटींत ऐकलेलं तोपर्यंत पाठाशी आपोआप जोडलं जातं. शनिवारी संध्याकाळी तरुण संघाला नेहमी हजर राहायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे.

सहावी पायरी: नाही म्हणायला वाक्यं तयार ठेवा

आयत्या वेळी नाही म्हणणं कुणालाच जमत नाही, त्यामुळे वाक्यं आधी पाठ हवीत.

सत्काराला, उद्घाटनाला, नगरसेवकाच्या कार्यक्रमाला "व्यासपीठावर फक्त पाच मिनिटं" म्हणून बोलावणं येतं. उत्तर: "आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे. त्या संध्याकाळी मंडळीतल्या घरी जायचं ठरलेलं आहे." ते खरं असायला हवं, म्हणून भेटी आधी डायरीत लिहा.

रात्री दहानंतर फोनवर भांडण सोडवायला कुणी बोलावलं तर: "मारहाण चालू आहे का? कुणाच्या जिवाला धोका आहे का?" असेल तर लगेच हला, पोलिसांनाही कळवा. नसेल तर: "आता सगळेच तापलेले आहात. सकाळी नऊला मी येतो." आणि नऊला जा.

दुसऱ्या शहरातल्या सुवार्तासभेत बोलायचं आमंत्रण आलं तर लगेच होकार देऊ नका. "कमिटीला विचारून गुरुवारी कळवतो," असं म्हणा. तीन दिवसांत उत्साह ओसरतो आणि खरं काय ते कळतं.

मार्काच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सगळं गाव दारापुढे जमलं होतं. पहाटे अंधारातच येशू उठून एकांती गेला. शिमोन शोधत आला: सगळे तुझा शोध करत आहेत. येशूने काय केलं? आपण दुसऱ्या गावांत जाऊ, म्हणाला. कफर्णहूमात त्या सकाळी त्याची वाट पाहणारी आजारी माणसं उरली असतील. त्यालाही सगळ्यांकडे जाता आलं नाही आणि तो कशासाठी आला आहे हे त्याला ठाऊक होतं.

बाराव्या शतकात क्लेअरवोच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड याने आपल्या जुन्या शिष्याला, पोप युजीन तिसरे यांना, असंच लिहिलं होतं. युजीन सकाळपासून रात्रीपर्यंत लोकांचे खटले ऐकत होते. बर्नार्डने बजावलं की अशा कामांनी हृदय कठीण होतं आणि ज्याचं होतं त्याला ते कळतही नाही. तुम्ही सगळ्यांचे आहात ना, मग त्या सगळ्यांत स्वतःलाही धरा, असं त्याचं म्हणणं. हे वाचताना मला नेहमी एखादा तिशीतला पाळक दिसतो, ज्याला अंत्यविधीत आता रडू येत नाही.

सातवी पायरी: वर्ष आखा

चर्चचं वर्ष मुळात एका चालीने चालण्यासाठी आखलेलं नाही. नाताळाआधीचा आगमनकाळ आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ हे थांबण्याचे काळ होते. आपण त्यांना सर्वांत धावपळीचे करून ठेवलं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतले सहा रविवार उपवासात धरत नाहीत, म्हणून चाळीस. म्हणजे उपवासकाळाच्या आतसुद्धा दर आठवड्याला विसावा राखलेला आहे. चाळीसही दिवस घरोघर प्रार्थना ठेवण्याची प्रथा तुमच्याकडे असेल तर ती मोडू नका, पण पाळकाने रोज जायचं नाही. वार वाटून द्या.

नाताळानंतरचा आणि ईस्टरनंतरचा आठवडा कॅलेंडरवर आत्ताच कोरा ठेवा. त्यांत फक्त रविवारची उपासना. मे महिना लग्नांचा असतो, तो तसाच जाईल, त्याच्याशी झगडू नका. खेड्यांत पेरणी-खुरपणीच्या दिवसांत संध्याकाळच्या सभा तशाही ओस पडतात. तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये चार-पाच दिवस एकांतवासाला जा. मित्रांच्या परिषदेला एकांत म्हणू नका, तिथे भाषणंच असतात.

सुट्टीबद्दल कॅथलिक कायदा स्पष्ट आहे. १९८३ च्या संहितेतील ५३३ व्या कलमानुसार पॅरिश प्रीस्टला वर्षातून जास्तीत जास्त एक महिना रजेवर जाता येतं, आणि वार्षिक एकांतवासाचे दिवस त्यात धरत नाहीत. आठवड्यापेक्षा जास्त दिवस जायचं तर बिशपांना कळवायचं. प्रोटेस्टंट पाळकांनी आपल्या डायोसीसचे (बिशपांच्या धर्मप्रांताचे) सेवानियम मागून घ्या आणि रजेचं कलम वाचा. अनेकांनी ते कधी पाहिलेलंही नसतं, आणि हक्काची रजा तशीच बुडते.

आठवी पायरी: शरीराकडे पाहा

एलीया संदेष्टा कर्मेल डोंगरावर जिंकला आणि दुसऱ्याच टप्प्यात झुडपाखाली पडून मरण मागू लागला. देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून खायला दिलं. होरेब डोंगरावर गेल्यावर बोलणं झालं, आणि त्या बोलण्यात अलीशाचं नाव होतं, म्हणजे पुढे काम चालवणारा माणूस.

वर्षातून एकदा शुगर आणि बीपी तपासा. पाळकाच्या घरी नसली तरी मंडळीतल्या प्रत्येक घरी चहात साखर असते. रात्रीची झोप सलग किती होते ते पहिल्या पायरीच्या वहीत लिहा. महिनाभर झोप येत नसेल, प्रार्थना करावीशी वाटत नसेल, घरच्यांवर विनाकारण चिडचिड होत असेल, सगळं नकोसं वाटत असेल, तर त्याला विश्वासाची कमतरता म्हणू नका. डॉक्टरांकडे जा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येत असेल तर एक क्षणही एकटे राहू नका, जवळच्या माणसाला त्याच वेळी सांगा. आणि आपल्या मंडळीबाहेरचा, आपल्याहून वडील असा एक माणूस ठेवा ज्याच्यापुढे "साहेब" व्हावं लागत नाही. महिन्यातून एकदा त्याच्याकडे जाऊन बसा.

सहा महिन्यांनी आणि बदलीच्या वेळी

सहा महिन्यांनी कमिटीबरोबर पुन्हा बसा. सुट्टीचा वार किती वेळा पाळता आला, कुठल्या वडिलांना घरं जड जात आहेत, कुठलं काम पुन्हा पाळकाकडे आलं, एवढंच बोला. कुणी म्हणालं, "आधीचे पाळक तर रात्री दोनलाही यायचे," तर त्यांच्याबद्दल आदराने बोला. ते यायचे हे खरं आहे. त्यांच्या घरच्यांनी काय सोसलं ते मात्र कमिटीला माहीत नसतं, आणि ते विचारायला हरकत नाही.

बदली होईल तेव्हा चार्ज देताना मालमत्तेची कागदपत्रं, रजिस्टरं आणि चाव्यांबरोबर एक पान वेगळं द्या. त्यात साप्ताहिक सुट्टीचा वार, कुठली घरं कुठल्या वडिलांकडे आहेत त्याची यादी, ऑफिसची वेळ, आणि वर्षातले राखून ठेवलेले आठवडे लिहा. त्यावर सेक्रेटरींची सही घ्या. नवीन पाळक पहिल्या रविवारी येतील तेव्हा ती सूचना चर्चमध्ये पुन्हा वाचायला सांगा, त्यांना स्वतःहून मागावी लागायच्या आत.